आजोबांची जुनी पुस्तकं स्कॅन करून नेटवर टाकायची तर...

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजोबांच्या पश्चात दोन कपाटं भरून पुस्तकं तुमच्याकडे आली आहेत. कादंबऱ्या, रहस्यकथा, काही कवितासंग्रह आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे. कागद पिवळा पडलाय, कोपरे हात लावताच तुटतायत. तुम्ही स्कॅनर घेतलाय. पुस्तकांच्या पीडीएफ नेटवर टाकायच्या आणि निवडक कथा बायकोच्या आवाजात यूट्यूबवर चढवायच्या, असा बेत आहे. पुस्तकं जुनी आहेत, बाजारात मिळत नाहीत, प्रकाशक कधीच बंद पडला, आणि आम्ही एक पैसाही कमावणार नाही. मग हरकत कोणाची, असं तुम्ही विचारता. त्यावर एकाने 'बिनधास्त टाका, मराठीत कोण केस करतंय' म्हटलंय आणि दुसऱ्याने थेट तुरुंग दाखवलाय.

मी वकील नाही, हे आधी सांगतो. प्रकाशनाच्या धंद्यात हक्क आणि परवानग्यांचं काम बरीच वर्षं केलं, पुढे ग्रंथालयांच्या डिजिटायझेशनमध्ये पडलो. पुढचं सगळं त्या अनुभवातून आहे. एखाद्या विशिष्ट पुस्तकावर वाद उभा राहिलाच, तर त्याचा जुना करार वाचलेला वकील गाठा, माझं उत्तर दाखवू नका.

तुमच्या चार कारणांपैकी एकही कायद्याच्या तराजूत पुरेसं वजन धरत नाही. पुस्तक जुनं असणं आणि त्याचा हक्क संपणं यांचा थेट संबंध नाही. आउट ऑफ प्रिंट म्हणजे आउट ऑफ कॉपीराइट नव्हे. प्रकाशक बंद पडला म्हणून लेखकाचा हक्क बुडत नाही, उलट पुष्कळदा तो लेखकाच्या घरी परत जातो. पैसे न कमावणं चांगलंच, शिक्षा सौम्य व्हायला त्याचा उपयोग होतो. पण त्याने परवानगीची गरज संपत नाही. व्हिडिओखाली 'सर्व हक्क मूळ लेखकाचे, कॉपीराइट भंगाचा हेतू नाही' असं लिहायची जी पद्धत पडलीय, ती तर स्वतःच्या हाताने कबुलीजबाब लिहून देण्यासारखी आहे. लेखकाचं नाव दिलं हे योग्यच, ते द्यायलाच हवं. पण श्रेय वेगळं आणि परवानगी वेगळी.

खरा प्रश्न एवढाच: हे लिहिलं कोणी, आणि तो माणूस कधी गेला?

आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले. त्यांचं हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांचं झालं, म्हणून तर आज 'श्यामची आई' कितीतरी प्रकाशकांच्या यादीत दिसते. मर्ढेकर आणि डॉ. आंबेडकर दोघेही १९५६ साली गेले, त्यांचं २०१७ पासून. सावरकर १९६६, म्हणजे १ जानेवारी २०२७. अत्रे आणि अण्णा भाऊ साठे दोघांचाही मृत्यू १९६९ चा, तेव्हा २०३० उजाडायला हवं. खांडेकर १९७६, म्हणजे २०३७. यात पुस्तक कोणत्या साली छापलं हे कुठेच येत नाही, हे लक्षात घ्या.

तुमच्या यादीत झुंजार आणि काळापहाड दिसले, म्हणून हे मुद्दाम सांगतो. या नायकांच्या रहस्यकथा लिहिणारे बाबुराव अर्नाळकर दीर्घायुषी. १९९६ साली गेले. त्यामुळे स्वातंत्र्याच्या आधी छापलेली, चार-आठ आण्यांना विकली गेलेली त्यांची रहस्यकथासुद्धा ३१ डिसेंबर २०५६ पर्यंत बंद आहे. आणि त्याच कपाटात शेजारी उभं असलेलं, नंतर छापलेलं एखादं पुस्तक मोकळं असेल, कारण त्याचा लेखक तरुणपणी गेला. विचित्र वाटतं, पण नियम असाच आहे.

हा नियम मला पटतो का? नाही. आंतरराष्ट्रीय करार किमान ५० वर्षं मागतो, आणि आपल्याकडेही पूर्वी ५० च होती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, त्यांचे हक्क १९९१ अखेर संपणार होते. ते विश्वभारतीकडे होते. संपण्याच्या तोंडावर मुदत ६० वर केली गेली, आणि १९९२ च्या दुरुस्तीने ती सगळ्याच लेखकांना लागू झाली. एका महाकवीसाठी केलेल्या तजविजीने शेकडो विस्मृतीत गेलेल्या लेखकांना आणखी दहा वर्षं कपाटात कोंडलं. ज्यांची पुस्तकं खपतात त्यांच्या वारसांना त्या दहा वर्षांत चार पैसे मिळाले असतील. ज्यांचं एकही पुस्तक कोणी पुन्हा छापलं नाही, त्यांना वाळवी मिळाली. तरी कायदा पटत नाही म्हणून तो नाही असं धरून चालता येत नाही. तुम्ही तुमच्या खऱ्या नावाने हे करणार आहात.

आता जरा खोलात जाऊ, कारण चुका होतात त्या इथे. पुस्तक ही एक वस्तू दिसते, पण तिच्यात तीन-चार जणांचे हक्क एकावर एक बसलेले असतात. बहिणाबाई चौधरींची गाणी घ्या. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या, संग्रह आला १९५२ साली. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणजे २०१२ अखेर ती गाणी मोकळी झाली. पण त्या संग्रहाला प्रस्तावना आहे आचार्य अत्र्यांची, आणि ती २०२९ च्या अखेरपर्यंत बंद आहे. तुम्ही जुनी प्रत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्कॅन करून चढवलीत, तर गाण्यांपाशी तुम्ही निर्दोष आणि प्रस्तावनेपाशी दोषी. उपाय साधा आहे, प्रस्तावनेची पानं फाइलमधून काढायची आणि का काढली ते एका ओळीत लिहायचं. पण त्यासाठी आधी ते लक्षात यायला हवं.

मुखपृष्ठाचंही तेच. त्या काळातली निम्मी-अधिक देखणी मुखपृष्ठं दीनानाथ दलाल नाहीतर रघुवीर मुळगावकर यांची. दलाल १९७१ साली गेले, मुळगावकर १९७६ साली. त्यांनी स्वतंत्रपणे काढलेल्या चित्रांवर अनुक्रमे २०३१ आणि २०३६ अखेरपर्यंत हक्क आहे, आतला मजकूर भले मोकळा असो. लोक नेमकं मुखपृष्ठच आधी फेसबुकवर टाकतात, कारण ते सुंदर असतं. अनुवाद असेल तर मूळ लेखक आणि अनुवादक, दोघांच्या तारखा बघाव्या लागतात. दोघांनी मिळून लिहिलेलं असेल तर जो शेवटी गेला त्याची. टोपणनावाने लिहिलेलं असेल आणि खरं नाव कधी बाहेर आलंच नसेल, तर ६० वर्षं प्रकाशनापासून.

आणखी एक खास आपल्याकडची गोष्ट. श्रेयपानावर 'सर्व हक्क सौ. अमुक तमुक यांचे स्वाधीन' असं पुष्कळदा दिसेल. लेखक पुस्तकाचे हक्क बायकोच्या नावावर करायचा, ही आपल्याकडची जुनी चाल. ते वाचून माणसं बाईंच्या मृत्यूची तारीख शोधत बसतात. मुदत मोजायची ती लिहिणाऱ्याच्याच मृत्यूपासून. पण परवानगी मागायची वेळ आली तर ती बाईंच्या वारसांकडे, आणि हे वारस दरवेळी लेखकाचेच वारस असतात असं नाही. दुसरं लग्न, दत्तक, मृत्युपत्र, सगळं मधे येतं.

तेव्हा कामाला सुरुवात करताना अख्खं पुस्तक स्कॅन करू नका. प्रत्येक पुस्तकाचं मुखपृष्ठ, शीर्षकपान, त्यामागचं श्रेयपान, अर्पणपत्रिका, प्रस्तावनेचं शेवटचं पान (तिथे प्रस्तावना लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख असते) आणि मलपृष्ठ, एवढीच पानं मोबाइलने टिपा. एका वहीत किंवा एक्सेलमध्ये पुस्तकाचं नाव, लेखक, प्रस्तावनाकार, चित्रकार, हक्क कोणाचे, पत्ता, आवृत्तीचं साल हे उतरवा. मग मृत्यूच्या तारखा शोधायला बसा. मराठीत यासाठी साधनं चांगली आहेत. शंकर गणेश दात्यांची 'मराठी ग्रंथसूची' १९५० पर्यंतची पुस्तकं सांगते, वाङ्मयकोशात लेखकांची साल-तारीख मिळते, विश्वकोश तर नेटवरच आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं. अशा जुन्या संस्थांमधले ग्रंथपाल तारखेच्या बाबतीत इंटरनेटपेक्षा भरवशाचे, असा माझा अनुभव आहे. विकिपीडियावरची तारीख घ्या, पण दुसऱ्या ठिकाणी ताडून घ्या. वर्ष एकाने चुकलं तरी सगळा हिशेब चुकतो.

एवढं केलंत की कपाटाच्या आपोआप तीन थप्प्या होतील. मोकळी, बंद, आणि तारखाच न सापडलेली. मोकळी थप्पी तुम्हाला वाटते त्यापेक्षा मोठी निघेल. हरिभाऊ आपटे, गडकरी, केशवसुत, बालकवी, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, ज्ञानकोशकार केतकर, न. चिं. केळकर, ही सगळी मंडळी मोकळी आहेत. ती थप्पी आधी संपवा. नुसता स्कॅन न टाकता ओसीआर करून (म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखवून) मजकूर युनिकोडमध्ये आणलात आणि मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या भावंडातल्या मोकळ्या पुस्तकांच्या ग्रंथालयावर, तपासून चढवलात, तर ते शोधण्याजोगं होतं. पिवळ्या पानांच्या पीडीएफचे ढीग पुष्कळ आहेत. त्यात एक शब्द शोधून दाखवा.

बंद थप्पीकडे वळू. इथे स्कॅन करणं आणि लोकांना उपलब्ध करणं या दोन क्रिया वेगळ्या धरा. स्वतःच्या अभ्यासासाठी, खाजगी वापरासाठी प्रत करून ठेवणं कायद्याला चालतं. व्यापारी नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाला तर २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट सवलत दिली आहे: ज्या पुस्तकाची कागदी प्रत संग्रही आहे, ते जतनासाठी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येतं. साठवता येतं, जगाला वाटता येत नाही. म्हणून कागद तुटत असेल तर परवानगीची वाट बघत बसू नका, आज स्कॅन करा. फाइल हार्ड डिस्कवर राहू दे. शक्य असेल तर पुस्तकं गावातल्या वाचनालयाला द्या आणि स्कॅनिंग त्यांच्या नावाने होऊ द्या. मग जतनाच्या सवलतीखाली ते काम नीट बसतं.

कोणीतरी तुम्हाला दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपीच्या निकालाचा दाखला दिलाय. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने मोठ्या परदेशी प्रकाशकांच्या विरोधात दिलेला तो निकाल मला फार आवडतो. कॉपीराइट हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नव्हे, हे त्यात स्वच्छ म्हटलंय. पण तो विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी उताऱ्यांच्या प्रती काढण्याबद्दल होता. तुमचं यूट्यूब चॅनेल म्हणजे वर्ग नव्हे, त्यामुळे त्या निकालाची छत्री तुमच्यावर येत नाही.

यूट्यूबचं आता. तुमच्या सौंनी वाचनालयात शनिवारी संध्याकाळी कथा वाचून दाखवली, तिकीट नाही, हौशी मंडळ आहे, तर परवानगी लागत नाही. कायद्यात तशी तरतूद आहे. सभेत वाजवी उतारा वाचायलाही हरकत नाही. त्याच कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर चढवलंत की मात्र गोष्ट बदलते, कारण आता तुम्ही प्रत करून लोकांपर्यंत पोचवताय. इथेच बरीच अभिवाचन मंडळं अडकतात. कार्यक्रम कायदेशीर, रेकॉर्डिंग बेकायदेशीर.

जुन्या ध्वनिमुद्रणांबद्दल विचारलंय म्हणून थोडक्यात. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनापासून ६० वर्षं, तेव्हा १९६० साली निघालेल्या तबकडीवरचा कंपनीचा हक्क २०२० अखेर संपला. पण तबकडीत शब्दही आहेत आणि चालही. 'गीतरामायण' आकाशवाणी पुणे केंद्रावरून १९५५ साली सुरू झालं, ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, सुधीर फडके २००२ साली. त्यामुळे शब्दांवर २०३७ अखेर आणि चालींवर २०६२ अखेरपर्यंत हक्क आहे, रेकॉर्डिंग कितीही जुनं असो. उलट तुकोबांचा अभंग कोणाचाच नाही, पण तुम्ही तो ज्या गायकाच्या सीडीतून उचललात ती सीडी कंपनीची असते. स्वतः म्हणा, स्वतःच्या चालीत म्हणा, मग कोणी आडवं आलं तर नीट भांडा.

आणि भांडावं लागतंही. यूट्यूबवर दोन वेगळ्या गोष्टी असतात: यंत्राने आपोआप केलेला दावा, ज्यात बहुधा फक्त जाहिरातीचे पैसे दुसरीकडे वळतात, आणि स्ट्राइक, म्हणजे हक्कधारकाच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून दिलेली ताकीद, जो खरा धोका. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले की चॅनेल जातं. पुस्तक खरोखर मोकळं असेल तर घाबरून व्हिडिओ काढून टाकू नका. प्रतिसूचना (तक्रार चुकीची असल्याचं यूट्यूबला लेखी उत्तर) द्या, लेखकाची मृत्यूची तारीख आणि तिचा पुरावा जोडा. समोरच्याने १० कामकाजाच्या दिवसांत कोर्टात गेल्याचं दाखवलं नाही तर व्हिडिओ परत येतो. वही ठेवा म्हणालो ती याचसाठी.

एक वाट तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्या सौंच्या आवाजाला ती चपखल बसेल. अंध किंवा छापील वाचू न शकणाऱ्या वाचकांसाठी पुस्तकाचं श्राव्य रूप करायला आपल्या कायद्यात हक्कधारकाची परवानगी लागत नाही, अट एवढीच की ते त्याच वाचकांपर्यंत पोचावं आणि नफ्यासाठी नसावं. या विषयावरचा माराकेश करार स्वीकारणारा जगातला पहिला देश भारत, २०१४ साली. अंधांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेशी बोला. अर्नाळकरांची रहस्यकथा तिथे आज वाचता येईल. यूट्यूबवर २०५७ साली.

तुम्ही सुचवलेल्या पर्यायाबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या भावाच्या नावाने खातं उघडण्याबद्दल: त्याने सुटका होत नाही, बहुधा गुंता वाढतो. अमेरिकेत आपली जुनी पुस्तकं मृत्यूवर मोजली जात नाहीत. १ जानेवारी १९९६ ला जे पुस्तक भारतात अजून बंद होतं, त्याला तिकडे प्रकाशनापासून ९५ वर्षांचं संरक्षण मिळालं. 'श्यामची आई' १९३५ ची. इथे ती २०११ पासून मोकळी, तिथे २०३० अखेरपर्यंत बंद. काही संकेतस्थळं दोन्ही देशांत मोकळं असलेलंच घेतात, ती त्यामुळे. तुम्ही भारतात आहात, भारतातून चढवताय, तर भारतीय तारीख सांभाळा; भावाला यात ओढू नका.

आता या सगळ्यातलं जे काम मला सर्वात महत्त्वाचं वाटतं, आणि जे कोणीच करत नाही: पत्र लिहा. जुनी पुस्तकं नेटवर टाकणारे लोक कायद्यातली फट शोधण्यात महिने घालवतात, आणि लेखकाच्या मुलीला एक पत्र लिहीत नाहीत. माझा अनुभव असा, की विस्मृतीत गेलेल्या लेखकाच्या घरी पत्र गेलं की लोक हरखतात. बाबांचं पुस्तक कोणी वाचतंय याचंच त्यांना अप्रूप असतं. एका लेखिकेच्या मुलीने तर अख्ख्या लेखनाची परवानगी दिली आणि अट एकच घातली, दुसऱ्या आवृत्तीला जोडलेली एका बड्या समीक्षकाची प्रस्तावना काढायची; आईला ती कधीच आवडली नव्हती म्हणे. आम्ही आनंदाने काढली, तिचे हक्क तसेही आमच्याकडे नव्हतेच. नकारही येतात, ते बहुधा भाऊबंदकीच्या घरातून.

पत्ता मिळवायला श्रेयपान, गावचं वाचनालय, लेखक ज्या शाळेत किंवा कचेरीत होता तिथली जुनी माणसं, आणि आडनावाच्या मंडळींचे व्हॉट्सॲप गट. कुलवृत्तांत छापलेला असेल तर फारच बरं. पत्रात मोघम लिहू नका. कोणतं पुस्तक, कोणती आवृत्ती, पीडीएफ, युनिकोड मजकूर की वाचन, कुठे ठेवणार, मोफत की कसं, किती काळासाठी, तुम्ही 'काढा' म्हणालात तर किती दिवसांत काढणार. खाली एक वाक्य हवंच: 'या पुस्तकाच्या हक्कांचे आम्ही खाली सही केलेले सर्वजण वारस आहोत, आणि हे हक्क आम्ही अन्य कोणास दिलेले नाहीत.' मग सह्या. एका पुतण्याने फोनवर 'करा हो, काही हरकत नाही' म्हटलं, याला परवानगी म्हणत नाहीत. तीन भावंडं असतील तर तिघांच्या सह्या घ्या. तिसरा कॅनडात असेल तर त्याचा ईमेल.

कधी वारस म्हणतील, हक्क तर प्रकाशकाकडे आहेत. असतीलही, नसतीलही. जुन्या मराठी व्यवहारात पुष्कळ पुस्तकं एकेका आवृत्तीपुरती दिलेली असत. आवृत्ती संपली, विषय संपला. करार सापडला तर तो वाचा. अलीकडच्या करारात मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. आणि २०१२ नंतरच्या करारांत, करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हतं त्याचा हक्क, स्पष्ट उल्लेख नसेल तर, लेखकाकडेच राहतो. प्रकाशक चालू असेल तर त्यालाही एक पत्र टाका. पुष्कळ प्रकाशकांना स्वतःच्या जुन्या यादीतलं काय आपल्याकडे आहे हे धड ठाऊक नसतं, आणि ते कळवल्याबद्दल ते आभारही मानतात.

राहिली तिसरी थप्पी, जिचा लेखक कोण होता, कधी गेला, वारस कुठे, काहीच सापडत नाही. यासाठी कायद्यात ३१-क हे कलम आहे: लेखक मयत किंवा अज्ञात असेल, हक्कधारक सापडत नसेल, तर परवान्यासाठी अर्ज करता येतो. पूर्वी कॉपीराइट मंडळाकडे, आता व्यावसायिक न्यायालयाकडे. त्याआधी देशभर खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची. जरा चित्र डोळ्यासमोर आणा. वाईच्या किंवा बार्शीच्या कोण्या मास्तरांनी १९४८ साली पदरमोड करून छापलेला कवितासंग्रह, त्याच्या वारसांचा शोध इंग्रजी दैनिकातून! ही तरतूद मोठ्या प्रकाशकांना आणि चित्रपट कंपन्यांना परवडेल. तुमच्या-माझ्यासाठी ती असून नसल्यासारखी. धोरण म्हणून मला विचाराल तर बदल इथे हवा: सार्वजनिक ग्रंथालयाने ठराविक शोध घेतला, तो नोंदवला, मराठी दैनिकात जाहिरात दिली आणि काही महिन्यांत कोणी पुढे आलं नाही, तर बाजारात नसलेलं पुस्तक मोफत वाचनाला खुलं करू द्यावं, हक्कधारक उद्या उगवलाच तर ते काढावं, त्याला मोबदला द्यावा. यात कोणाचं पोट मारलं जातं, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. पण आज हा कायदा नाही. तोवर त्या थप्पीचे स्कॅन वाचनालयाच्या संगणकावर ठेवा, आणि पुस्तकाचं नाव, साल, अनुक्रमणिका नेटवर टाका. यादीवर कोणाचा हक्क नसतो, आणि यादी बघून वारस स्वतः संपर्क करतात.

दिवाळी अंकांनाही मी हेच सांगेन. 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनच्या या अंकांत प्रत्येक कथा, कविता, व्यंगचित्र, मुखपृष्ठ यांचा धनी बहुधा वेगळा. बाहेरच्या लेखकाने अंकाला कथा दिली म्हणजे कथेचे सगळे हक्क मासिकाला दिले असं होत नाही. एका अंकात चाळीस नावं, म्हणजे चाळीस तारखा. अख्खा अंक मोकळा व्हायला त्यातला शेवटचा माणूस जाऊन ६० वर्षं व्हावी लागतात. त्यामुळे पूर्ण अंक चढवायच्या भानगडीत पडू नका. त्यांच्या अनुक्रमणिका मात्र जरूर टाइप करा. कोणाची कुठली कथा कोणत्या अंकात आली होती, हे शोधताना अभ्यासकांच्या नाकी नऊ येतात. आजोबांच्या गठ्ठ्यातला हा भाग कदाचित सर्वात मोलाचा ठरेल, आणि तो पूर्णपणे कायदेशीर आहे.

तुरुंगाचं काय? कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड, हे खरं आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचंही म्हटलं. पण त्यासाठी जाणूनबुजून केलेला भंग लागतो, आणि नफ्यासाठी नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. माझ्या पाहण्यात जुन्या पुस्तकाच्या हौशी स्कॅनसाठी कोणी आत गेलेलं नाही. प्रत्यक्षात होतं ते असं: संकेतस्थळाला नोटीस जाते, नियमाप्रमाणे ३६ तासांत मजकूर बंद करावा लागतो, आणि तक्रारदाराने २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू करता येतो. तुमच्याकडे वही आणि सह्या असतील तर या नोटिशीला उत्तर देणं म्हणजे एका दुपारचं काम.

शेवटचा तुमचा छोटा प्रश्न, स्कॅनवर स्वतःच्या नावाचा वॉटरमार्क टाकू का? नका टाकू. मोकळ्या पुस्तकाचा स्कॅन केल्याने त्यावर तुमचा नवा हक्क तयार होत नाही, आणि ओसीआर करताना तो शिक्का ओळींच्या मधे येऊन अक्षरं बिघडवतो. आजोबांचं नाव राखायचं असेल तर वर्णनात लिहा, 'मूळ प्रत: अमुक यांच्या संग्रहातून, तालुका अमुक'. आणि फाइलच्या नावात लेखक, शीर्षक, साल हे तिन्ही घाला. 'स्कॅन००४७ फायनल' नावाच्या फाइली आमच्याकडे रोज येतात.